साडेसातला या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मेधाला ओळखत नाही म्हणून, असं समजा.

मेधा माझी धाकटी बहीण. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठीच बोलतो, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून इथे नोकरीला आलेली मंडळी ऐकून तोंडावर हात ठेवतात. हसू देत बापडी. लहानपणापासून घरात मेधा हुशार आणि मी हौशी, अशी वाटणी झाली होती.

माझी हौस म्हणजे इंडी रॉक. कुठल्या बड्या कंपनीचा हात डोक्यावर नसताना आपली गाणी आपणच लिहून रेकॉर्ड करणाऱ्या पोरापोरींचं संगीत. शुक्रवारी नवे अल्बम येतात. त्या सकाळी दूध उतू गेलं तरी मला पत्ता नसतो. एखादा बँड ऐकायला बेंगळुरूला जायचं, घामट गर्दीत स्पीकरला चिकटून उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी बधिर कानांनी ऑफिस गाठायचं. आणि वर्षभराने तोच बँड सगळ्यांच्या तोंडी झाला की हळूच म्हणायचं, "मी यांना वीस माणसांत ऐकलंय." या एका वाक्यासाठी मी किती हिंडले असेन! स्वतःला वाजवता काही येत नाही. गळा तर देवाने दिलेलाच नाही.

म्हैसुरातल्या अशा वेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवायची. वर्षातून एकदोनदा गोकुलममधल्या एका कॅफेच्या गच्चीवर आम्ही बाहेरचा बँड बोलवायचो. तिथे माझ्या शब्दाला वजन होतं. घरी नव्हतं, ऑफिसात नव्हतं — तिथे होतं.

मेधा येलवालच्या शाळेत गणित शिकवायची. गिटार कधी शिकली, मला कळलंसुद्धा नाही. एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिने मला चार गाणी ऐकवली. सगळी आमच्या घरच्या धेडगुजरी भाषेत. एक हुणसूर रस्त्यावरच्या भरल्या बसचं, एक गॅसच्या सिलिंडरची वाट बघणाऱ्या बाईचं. मग म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या बँडच्या आधी मी गाऊ काय? जास्ती नको, स्वल्पच." मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार?

इथवर सगळं ठीक आहे ना? पोस्टरवर तिचं नाव आलं. साडेसहाला मेधा, साडेसातला बेंगळुरूचा बँड. तिने नवी साडी घेतली, मग गिटारवर साडी बरी दिसत नाही म्हणून कुडता घातला. माझाच.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी ग्रुपवर टाकलं: "सुरुवातीची गायिका येणार नाही. बँड साडेसातला. निवांत या."

मेधा त्या ग्रुपवर नव्हती. तिला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

साडेसहाला गच्चीवर रिकाम्या खुर्च्या. बँडची मुलं डोसा खायला गेलेली. कॅफेचा मालक दोनदा येऊन जिन्याकडे बघून गेला. मेधा माइकपुढे उभी राहिली, थोडं थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि गायला लागली. चारही गाणी गायली — एकही कडवं गाळलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या कशा ऐकू येतात, माहीत आहे तुम्हाला?

"अय्यो अक्का, कोणी आलंच नाही की," गिटार पिशवीत घालताना ती म्हणाली. "आपली भाषा कोणाला पाहिजे?" बँड ऐकायलाही थांबली नाही. ती गेली, आणि थोड्या वेळाने जिन्यावर माणसांची ही गर्दी. दुसऱ्या दिवशी मी तो संदेश माझ्या फोनमधून पुसून टाकला. मेधाने त्यानंतर एक ओळ लिहिली नाही.

पुष्कळ वर्षं मी मनाची समजूत घालत आले की मी तिला वाचवलं. लोक तिच्या भाषेला हसले असते. पोरगी हळवी, कोलमडली असती. किती शोभतं ना हे, मोठ्या बहिणीला? पण खोटं आहे. हसण्याची भीती असती तर ओट्यापाशीच तिला समजावलं असतं. त्या रविवारी सिलिंडरचं गाणं ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. बेंगळुरूला जाऊन मी जे शोधत होते, ते माझ्या घरात, माझ्या बहिणीला, सहज जमलं होतं. तिने त्या गच्चीवर भरल्या खुर्च्यांपुढे गायलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मी मेधाची बहीण झाले असते. मला ते सोसवलं नाही. जळले मी. साधं, बायकी-पुरुषी काही नाही — माणसासारखं माणूस जळतं, तशी जळले.

आणि यातलं सगळ्यात वाईट ऐका. मेधा ही गोष्ट अजून सांगते. लग्नामुंजीत, पाहुण्यांसमोर, स्वतःच्या मुलीला. "कोणी म्हणून कोणी आलं नाही, आमची अक्का तेवढी शेवटपर्यंत बसली." लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी खाली मान घालते. त्यांना तो विनय वाटतो.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी एका नव्या बँडला ऐकायला गेलो होतो. तिकिटं तिनेच काढली होती. पोरं दोन भाषा अगदी आमच्या घरच्यासारख्या मिसळून गात होती, अर्धं हे, अर्धं ते, आणि गच्च भरलेला हॉल त्यांच्याबरोबर गात होता. बाहेर पार्किंगमध्ये हेल्मेट घालता घालता थांबून मेधाने विचारलं, "अक्का, खरं सांग. माझी ती गाणी कशी होती?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा मिळणार नव्हती, आणि ते मला तिथेच, त्याच क्षणी कळत होतं.

"बरी होती," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि स्कूटर सुरू केली.