पैऱ्यातला माणूस

आमचा धाकटा चुलता लढाईवरून आला तो बिथरूनच. त्याला गोठ्यातल्या मेढीला साखळीनं बांधावं लागायचं. आई भाकरी लांबूनच सरकवायची. शेवटी त्याला पुण्याकडच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवला. तोवर मी सांगलीत शिकून बी.ए. झालो. घराण्यातला पहिलाच, आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "हा आता शांत आहे. राहिला तर इथलाच होईल. घरी न्या, चार माणसांत कामाला लावा."

आणला. पण आमच्याकडं गुऱ्हाळासाठी ऊस तोडायचा तो पैऱ्यानं. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या, घरटी एक माणूस. वडील अंथरुणावर, माझा हात कोयत्याला बसलेला नव्हता, म्हणून आमचा माणूस चुलता. त्याच्या हातात कोयता बघताच सगळे बांधावर जाऊन बसले.

ज्याच्या रानात तोड होती तो शेजारी म्हणाला, "आवं बी.ए. सायेब, आमास्नी बायकापोरं हायती."

मी डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं.

"मग डागदरालाच आना की ऊस तोडाय!"

सगळे हसले. चुलताही हसला.

चुलत्यानं कोयता खाली ठेवला, उसाच्या शेंड्याकडची हिरवी वाढी घेऊन त्यांचा पीळ घातला आणि आधी तोडून पडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायला लागला. दोन-तीन मोळ्या बांधून होईपर्यंत शेजारी बघत राहिला, मग म्हणाला,

"बांधू दे. पर कोयता न्हाई द्यायचा."

चुलता बरा झाला नाही. कोयता त्याला कुणी कधीच दिला नाही. पण त्या हंगामापासून पैऱ्यात तो आमच्या घरचा माणूस म्हणून धरला गेला, आणि परत इस्पितळात गेला नाही.