सुभेदारांनी वाटलेल्या गोळ्या

नव्वद सालानंतरची गोष्ट. साताऱ्याच्या एका दवाखान्यात मी सिस्टर होते. पेशंट बरे होऊन घरी जातात, किस्से मात्र ड्युटीरूममध्येच मुक्काम ठोकतात. आमच्याकडचे निम्मे तर एकट्या सुभेदारांचे!

*

कोरेगावकडचे रिटायर्ड सुभेदार. मणक्याला मार बसल्यापासून पाय लाकडासारखे ताठायचे. स्नायू सैल करणारी गोळी सुरू झाली आणि गडी काठी घेऊन चालायला लागला. ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सुभेदारांनी पडल्या पडल्या सॅल्यूट ठोकला.

*

बंद नाही केली, वाटली! गल्लीत कुणाची कंबर धरली की हे निघाले स्ट्रिप घेऊन. "मिलिटरीची गोळी हाय, लय पावरफुल." सरपंच ती खाऊन भर ग्रामसभेत घोरले. त्या दिवशी ठराव भराभर मंजूर झाले म्हणे.

*

वाटता वाटता डबा रिकामा झाला, आणि सांगायची लाज. मग ताप, पाय पुन्हा ताठ, छातीत धडधड. दवाखान्यात आणलं, तर ईसीजी बिघडलेला. हार्ट अटॅकच वाटला. सुभेदारीणकाकू दाराशी बसून रडत होत्या. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, तर त्या गल्लीतली नावं सांगायला लागल्या. गोळी एकदम तुटल्यानं शरीर बिथरलं होतं, सगळा ताण हृदयावर आला होता. गोळी लवकर पोटात गेली तर हृदय सावरेल, असं डॉक्टर म्हणाले.

*

पण गोळी साताऱ्यात एकाही दुकानात नव्हती. सांगलीहून पार्सल यायचं ते दुसऱ्या दिवशी. गावात फोन लावला, तर दुपारी माणसं कोंबून आणणाऱ्या वडापच्या जीपमधून गल्लीच उतरली. बहुतेकांनी गोळ्या कधीच खाल्लेल्या. एका म्हातारीनं अर्धी आणली, तीही चावून बघितलेली. मला हसावं की रडावं कळेना.

सगळ्यांच्या मागं चुलतभाऊ धोंडिबा उभा. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. त्यानं अख्खी स्ट्रिप पुढं केली. डॉक्टरांनी ती तपासली आणि मी लगेच सुभेदारांना गोळी दिली.

संध्याकाळपर्यंत ठोके उतरले. सुभेदारांनी समोरच्या धोंडिबाकडं बघितलं. "तुला कुणी दिली रं?"

काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"कुणी का दिईना. तुझ्या घरचं खायचं न्हाई म्हणून तशीच ठिवली हुती."

सुभेदारांनी मला चहा सांगायला लावला.

"चहा कुणाच्या घरचा?" धोंडिबानं विचारलं.

"दवाखान्याचा."

"मग चालंल," म्हणाला आणि त्यांच्या कॉटवरच टेकला.