शून्य निकाल

आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल तात्यासो मगदूम यांच्या नाकावर कायम राग असतो, असं सगळे म्हणतात. असेल. इतरांच्या नाकावर माशी बसली तरी ती हाकलायचे कष्ट कुणी घेत नाही, त्यापेक्षा हे बरं. जयसिंगपूरहून रोज सकाळच्या गाडीनं येतात, दहाच्या आत ग्रंथालय उघडतात आणि साडेदहाच्या आत कुणावर तरी ओरडलेले असतात. कुणी नियतकालिकाचं पान दुमडलं, कुणी अंक भलत्याच कप्प्यात खुपसला. मी प्राणीशास्त्र शिकवतो, तेवीस वर्षं त्यांचं ओरडणं ऐकतोय. पण या जूनमध्ये ते चिडले ते स्वतःवर, आणि त्यात माझाही वाटा होता.

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी संयोगिता चंदगडची. काजूच्या बुंध्यात शिरणाऱ्या खोडकिड्यावर कडुनिंबाचं तेल आणि मातीचा लेप कितपत चालतो, हा तिचा विषय. विषय नोंदवताना ग्रंथपालांचा दाखला जोडायची आमच्याकडं पद्धत आहे. मजकूर छापीलच असतो: ‘सदर विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही.’ दोन वर्षांपूर्वी तात्यासोंनी संगणकावर तासभर शोधलं, एकही लेख निघाला नाही, त्यांनी सही-शिक्का मारला. मला तर पेढे वाटायचंच बाकी होतं. नवाकोरा विषय! पोरगी कामाला लागली.

यंदा कॉलेजनं संशोधन-लेख शोधायची ऑनलाइन सेवा घ्यायचं ठरवलं. जगभरच्या नियतकालिकांतले लेख एका जागी सापडतात म्हणे. दोन कंपन्यांनी महिनाभर फुकट वापरायला दिली. एक देखणी: रंगीत आलेख, लेखकांचे फोटो, बटण दाबलं की नकाशा. दुसरी रुक्ष, पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर पासवर्डची कटकट.

देखण्या सेवेचा प्रतिनिधी सम्राट नावाचा चुणचुणीत गडी होता. त्यानं पहिल्याच दिवशी आमचे प्राचार्य धैर्यशील इंगवले यांचं नाव टाकून निघालेले तीन लेख रंगीत छापले, फ्रेम केले आणि शाल-श्रीफळासह प्राचार्यांच्या हातात दिले. आता ज्याच्या हातचा सत्कार घेतला त्याला नाही म्हणायचं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला जमलंय? रुक्ष सेवेत सरांचा एकच लेख निघाला, तोही सहलेखक म्हणून.

मग सूचना निघाली: प्रत्येक विद्यार्थ्यानं देखण्या सेवेत पाच वेळा शोध घ्यावा, हजेरी धरली जाईल. सूचनेत उदाहरणादाखल प्राचार्यांचंच नाव होतं. पोरांनी तेच टाकलं. पाच-पाच वेळा. महिनाअखेर चार हजारांवर शोध झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्राचार्यांच्या नावाचे! सर भारावून गेले. मी कपाळाला हात लावला.

तात्यासोंची तपासणी वेगळी होती. त्यांनी वीस प्रश्न काढले. त्यातल्या एकोणीस प्रश्नांवरचे लेख आमच्याच कपाटात होते.

“उत्तर ठावं असल्याबिगर मशीन खरं बोलतंय का खोटं, ते कळायचं कसं, सर?” ते मला म्हणाले.

देखणीनं एकोणीसपैकी नऊ काढले, रुक्षनं सतरा. वीसचा आकडा पुरा व्हावा म्हणून विसावा प्रश्न त्यांनी संयोगिताचा घातला. देखणी म्हणाली, शून्य. रुक्ष म्हणाली, एक.

तात्यासो छापलेली पानं घेऊन माझ्या खोलीत आले तेव्हा ओरडत नव्हते. छत्तीस वर्षांपूर्वीचा लेख. तोच किडा, तोच लेप, तीच मात्रा. फक्त त्या काळी किड्याचं शास्त्रीय नाव वेगळं होतं. अशी नावं बदलत असतात. मला ते ठाऊक असायला हवं होतं. रुक्ष सेवेनं जुनं नाव नव्याला जोडून ठेवलं होतं. तात्यासोंनी दोन वर्षांपूर्वी फक्त नवं नाव टाकून पाहिलं होतं.

“सापडलं न्हाय मला, आन् मी लिवून दिलं, असं संशोधनच न्हाई म्हणून,” ते म्हणाले. “दोन वर्सं गेली की ओ पोरीची!”

संयोगिताला बोलावलं. तात्यासोंनी आपल्या सहीचा दाखला आणि तो लेख शेजारी शेजारी ठेवले. तिनं दोन्ही वाचलं. तिचे डोळे भरले, पण आवाज चढला.

“दोन पावसाळं पायाच्या जळवा काढत झाडं मोजलीत मी, सर. तुमी दोघं काय करत हुता?”

लेख घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सेवा निवडायच्या समितीची बैठक झाली. तात्यासोंनी वीस प्रश्नांचा तक्ता मांडला आणि विसाव्यापाशी स्वतःचा दाखला काढून टेबलावर ठेवला. तेवीस वर्षांच्या नोकरीत माणूस आपली चूक अशी चारचौघांत मांडताना मी पाहिला नव्हता. प्राचार्यांनी दाखल्याकडं पाहिलं, मग चार हजारांच्या आलेखाकडं.

“मगदूम, एवढा प्रतिसाद असताना तुम्ही एका लेखावर अडून बसलाय. आणि तिला सांगायची काय गरज होती? प्रबंध होत आला होता. आपण घेणार त्या सेवेत तो लेख नाहीच. मग कळणार कुणाला?”

तात्यासो उठले. “शिफारशीवर माझी सही मिळायची न्हाई,” म्हणाले आणि गेले. ठराव तरीही झाला, देखणीच्या बाजूनं. मी समितीत होतो. मी विरोधात हात वर केला नाही आणि तोंडही उघडलं नाही. त्याची मला अजून चीड येते.

वर कहर म्हणजे, तिथून मी सरळ संयोगिताकडं गेलो आणि प्राचार्यांचा तोच विचार तिच्या कानावर घातला. वाटलं, पोरीचं वर्ष वाचेल. ती ग्रंथालयात तात्यासोंच्या समोरच्या टेबलावर बसली होती. लेखाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. तात्यासो तिला जुन्या नावानं आणखी काय निघतं ते काढून देत होते.

“ह्यांनी कमी पावसाच्या मुलखात केलंय,” ती मान वर न करता म्हणाली. “मुसळधार पावसात लेप टिकतो का, ते बघितलेलं न्हाई. मी तिथनं पुढं सुरू करते. एक वर्ष वाढंल.”

“अगं, पण कुणाला कळणार नाही,” मी म्हणालो.

तिनं मान वर केली. “असं कसं, सर? मला कळलंय की.”