ऑर्गोन सरांची पेटी

"बाई, डोंगर निळे का दिसतात?" सकाळी महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं की सर मागून येऊन हे विचारायचे. रोज. उत्तर द्यायची सोय नव्हती, कारण ते त्यांचं त्यांनीच द्यायचं असे. "ऑर्गोन! साऱ्या सृष्टीत भरून राहिलेली जीवशक्ती. तिचा रंग निळा!" आणि हा माणूस शाळेत पोरांना विज्ञान शिकवत होता हो!

माझा त्यांच्यावर राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार, आणि कारण आधीच सांगून टाकते. माझी थोरली बहीण अक्का छातीत गाठ घेऊन आठ महिने सरांच्या पेटीत बसली. ते आठ महिने डॉक्टरकडे गेले असते तर ती वाचली असती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी पोलादपूरच्या शाळेत नुकतीच लागले होते. सर त्याच शाळेत, आणि राहायला महाडात आमच्याच आळीत. त्यांचा एक भाचा बोटीवर होता. त्याने कुठल्या तरी बंदरातून ह्या ऑर्गोनवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, कव्हर फाटलेलं. सरांनी डिक्शनरी घेऊन ते उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचून काढलं आणि जून महिन्यात पेटी करायला सुताराला बोलावलं. बाहेरून फणसाच्या फळ्या, आत घोंगडी, मग तेलाचे डबे कापून केलेला पत्रा, पुन्हा घोंगडी, पुन्हा पत्रा. आत एक स्टूल, आणि आतून कडी लागेल असं दार. कपाटच म्हणा. ह्या पत्र्याघोंगडीत जीवशक्ती साठते आणि आत बसणाऱ्याच्या अंगात शिरते, असं सरांचं म्हणणं.

"विश्वास ठेवू नका, नोंद ठेवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक थर्मामीटर पेटीत, एक बाहेर. आतला पारा जरा वर गेला की लगेच वहीत नोंद, आणि आमच्याकडे विजयी नजर. अहो, मे महिन्यातलं महाड! त्यात घोंगडीत बसवलेला माणूस! पारा चढणार नाही तर काय उतरणार? पावसाळ्यात मात्र ऑर्गोन मंदावायचा, कारण म्हणे दमट हवा तो पिऊन टाकते. "मग चार महिने आमच्याकडे जीवशक्तीला सुट्टीच की," मी एकदा म्हटलं. सर गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर पावसाळ्यात दुप्पट वेळ बसायचं."

शाळेचा शिपाई उमरठचा होता, कंबरदुखीने वाकलेला. त्याला सरांनी पंधरा दिवस बसवलं. सोळाव्या दिवशी तो सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाला, "सर, कोंबडी बसवलीत तर अंडी उबतील ह्यात. पन माजी कंबर काय सुटायची नाय." आम्ही पोट धरधरून हसलो. सरसुद्धा हसले आणि वहीत लिहिलं, "रुग्ण प्रसन्न."

एका वर्षी सावित्री नदीचं पाणी आळीत शिरलं. जो तो तांदूळ आणि अंथरुणं माळ्यावर टाकत होता. सरांनी चार गड्यांना हाका मारून आधी पेटी चढवली, आणि वर्षाचा तांदूळ खाली भिजला. त्यांच्या बायकोने तो वाळत घालताना कपाळाला हात लावला. माणूस लबाड नव्हता. कुणाकडून पै घेतली नाही. लबाड असता तर परवडलं असतं. लबाडाला निदान आपण खोटं बोलतो हे ठाऊक असतं.

अक्काचं सासर आमच्या मागच्याच आळीत. नवरा मुंबईला नोकरीला, आणि घरात सासू, दोन दीर, जावा, पोरं मिळून अकरा माणसं. पौषात तिच्या हाताला गाठ लागली. पुरुष डॉक्टरपुढे पोलकं सोडायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना. तिने ते फक्त सरांच्या बायकोच्या कानात सांगितलं, बायकोने सरांना, आणि सरांनी पेटीचं दार उघडलं. पेटीत कुणी हात लावत नाही, कुणी बघत नाही. आम्हाला मात्र अक्काने "थकवा येतो" एवढंच सांगितलं. मी दीडशहाणी तिला चिडवत राहिले, "बस बस, तुझीही अंडी उबतील!"

भाद्रपदात गौरीच्या दिवशी तिचा उजवा हात वर होईना. पोलक्याची बटणं लावून द्यायला मी गेले, आणि गाठ पाहिली. दुसऱ्या दिवशी तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "शिकलेल्या दिसता. इतके महिने काय करत होतात?" तो ऑर्गोन शब्द माझ्या तोंडातून निघेना. शरमेने मेले मी.

त्या दुपारी वॉर्डात अक्काच्या खाटेशी बसून मी सरांचा उद्धार करत होते. अक्का म्हणाली, "नको गो बोलू त्यांना. पहिल्या महिन्यातच मला कळलं होतं, ह्याने काय होणार नाय."

"मग जात का राहिलीस?"

"आतून कडी लावता यायची. तासभर कुणी हाक मारायचं नाय. रडून घ्यायचे आणि घरी जायचे."

फाल्गुनात अक्का गेली.

तिसऱ्या दिवशी सर आमच्या घरी समाचाराला आले. कोपऱ्यात बसून खरंच रडले. मग म्हणाले, "बाई, मला वाटत होतं गुण येतोय. रोज बाहेर आली की म्हणायची, आता बरं वाटतंय." माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्यांना एकदा तरी खरं कळू दे. अक्का त्या पेटीत कशाला बसायची ते मी शब्दन् शब्द सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल.

सरांनी डोळे पुसले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे बरं वाटायचं, हे खरंच होतं तर," ते म्हणाले. "नोंद करून ठेवतो."

"उठा," मी म्हटलं. "आधी आमच्या घरातून चालते व्हा."

समाचाराला आलेल्या माणसाला आमच्यात कुणी हाकलत नाही. आई माझा हात धरत होती. तरी मी हाकललं, आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. पस्तावा दुसऱ्याच गोष्टीचा होतो. अकरा माणसांच्या त्या घरात मी दर आठवड्याला जात होते, चहा पीत होते, हसत होते. अक्का, तुला इथे रडायला तरी जागा आहे का गं, असं मी तिला एकदाही विचारलं नाही.