पंचमामांचा चहा

कुस्तीचं मैदान ठरलं की आमच्या गल्लीतले पंच, पंचमामा, तालमीकडचा चहा बंद करायचे. पैलवानाच्या दारात घोटभरसुद्धा नाही. "च्या पोटात गेला की शिट्टी जड हुती," म्हणायचे. एकदा त्यांच्या सख्ख्या भाच्याची पाठ टेकली, तर मामांनीच पहिली शिट्टी मारली. बहिणीनं अबोला धरला. मामा म्हणाले, "बोलंल की!"

आमच्याकडे मात्र रोज सकाळी हजर. आईचा आल्याचा चहा बशीत ओतून असा फुर्रकन प्यायचे, की शेजारी कळायचं. मी पुण्याला पतमानांकन कंपनीत नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "करतीस काय गं नेमकं?" म्हटलं, "मामा, कंपन्या लोकांकडून पैसे उसने घेतात. कुठली परत देईल, ते पारखून आम्ही दर्जा देतो."

"म्हंजे तूबी पंचच की गं!" माणूस इतका हरखला, की गल्लीभर सांगत सुटला.

तिथंच घात झाला. तालमीच्या म्हाताऱ्या वस्तादांना पुंजी कुठं ठेवावी कळेना. मामांनी आमच्या ऑफिसनं सर्वांत वरचा दर्जा दिलेली कंपनी सांगितली. "पंचानं पास केलीया. डोळं झाकून घाला." वस्तादांनी सगळी पुंजी घातली, आणि ती कंपनी बुडाली हो! काल सर्वांत वरचा दर्जा, आज एकदम तळाचा. मी तर हबकलेच. बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेनं आमच्या ऑफिसची चौकशी लावली.

मी घरी कोल्हापूरला आले. मामा आले, बशी उचलली. "पोरी, तुमच्या हापिसाला पैसं कोण देतं?"

"ज्या कंपनीला दर्जा हवा, तीच देते."

बशी तिथंच थांबली. "पैलवान पंचाला पगार देतो?"

"नियम आहेत, मामा. फी ठरवणारी माणसं वेगळी, दर्जा देणारी वेगळी..."

त्यांना ऐकूच येईना. चेहरा पांढराफटक. "मी इच्यारलंच न्हाई गं. पंच म्हटल्यावर इच्यारायचं काय? वस्ताद माझ्या शब्दावर बुडालं की!" बशी न पिता खाली ठेवली.

पुढच्या मैदानात हलगी थांबवून त्यांनी शिट्टी वस्तादांच्या पायाशी ठेवली. "मला पंच वळखता आला न्हाई. दुसरा बघा." वस्ताद ती शिट्टी परत त्यांच्या हातात कोंबत राहिले. मामांनी मूठ उघडली नाही.

आमच्याकडे यायचे तसेच, बसायचे, आईशी बोलायचे. चहा पुढं केला की कपावर हात. "पोरीची चौकशी हाय न्हवं? निकाल लागू दे."

मामा गेले. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर आईनं आल्याचा चहा ठेवला, त्याच बशीत. कावळा आला, भात खाल्ला, लाडू खाल्ला. बशीला शिवला नाही. आई हात जोडून विनवत राहिली.

चौकशी अजून चालूच आहे.