ऐतखाऊ पाय

संडासात बसले आणि उठताच येईना. उजव्या गुडघ्यानं साफ नकार दिला. शेवटी हाका मारल्या. शेजारच्या मेकॅनिकच्या बायकोनं फटीतून कडी काढली आणि काखेत हात घालून मला उभं केलं. जन्मभर मी कापसाची गाठोडी डोक्यावर वाहिली, आणि मला दुसऱ्या बाईनं तिथून उचललं. 

तिनंच पुण्याला माझ्या मुलाला कळवलं. त्याचा लगेच फोन आला. "आई, गुडघा बदलून घे, नाहीतर इकडं राहायला ये. तुला आता एकटी ठेवणार नाही."

मला दोन्ही नको होतं. माझं घर आहे, माझी चूल आहे. मी म्हटलं, "दिवाळीपावतर थांब. नाही सुधारला गुडघा, तर येतो तुह्यासंग."

गुडघ्याची गादी झिजली आहे, व्यायाम करा, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. आमच्या शाळेमागं व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलेली आहेत. त्यात एक खुर्ची आहे. समोरच्या पाट्यांवर पाय लावून रेटलं की खुर्चीसकट आपण मागं सरकतो. मी रोज सकाळी जाऊन बसू लागले. पन्नासदा, मग शंभरदा, मग दोनशे.

"काय वं काकू, पैलवानी करून राह्यली का?" पाण्याला जाणाऱ्या बाया विचारायच्या.

"हो, तुह्या सासूसंग कुस्ती लावली हाय."

दोन महिन्यांत गुडघा भाकरीसारखा फुगला. दुखतंय म्हणजे काम होतंय, असं मी धरून चालले होते. शेजारीण म्हणाली, उमरखेडला व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण आहे, फिजिओ म्हणतात तिला. मी तिला हसले. उठायबसायला मला कोणी काय शिकवणार? पण सूज उतरेना, तेव्हा एसटीत बसले.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. औषध नाही, सुई नाही. मला खुर्चीत बसवून तिनं माझ्या दोन्ही तळपायांना आपले हात लावले. "आजी, यंत्रावर रेटता तसं रेटा."

मी जोर लावून रेटलं.

"परत."

परत रेटलं. मग तिनं शिंप्याचा टेप आणला आणि दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन बोटं बारीक निघाली.

"टेप खोटा हाय तुहा," मी म्हटलं. तिनं पुन्हा मोजून दाखवलं. तेवढीच.

"सगळा जोर डाव्या पायाचा येतोय," ती म्हणाली. "उजवा तुम्ही नुसता टेकवलाय."

 रोज शंभर-दोनशे वेळा, दोन महिने, घाम गाळून मी चांगल्या पायालाच तालीम दिली होती. दुखरा पाय खुर्चीत बसून मजा बघत होता.

"ऐतखाऊ निंघाला हा."

"त्याला बोल लावू नका. दुखतो म्हणून तुम्हीच त्याला वाचवताय, तुम्हाला कळतही नाही. वर गुडघा पार दुमडून दोनशेदा, मग सुजणारच."

तिनं मला टेबलावर झोपवलं आणि उजवा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितलं. एवढंच ना, म्हणून उचलायला गेले. टाच हललीसुद्धा नाही. माझाच पाय, माझ्याच डोळ्यांसमोर, आणि माझं ऐकत नव्हता. मला संडासात लाज वाटली होती. इथं भीती वाटली.

मग तिनं गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली; ती मी गुडघ्यानं दाबून धरायची, दहा मोजेपर्यंत. हा कसला व्यायाम, असं मनात आलं. सातव्या खेपेला कपाळावर घाम होता.

महिनाभर आठवड्यातून एकदा गेले, घरी रोज केलं. पाय उचलता येऊ लागला. तेव्हा ती म्हणाली, "आता गावातल्या त्या खुर्चीवर जा."

"तेच्यावरच? ज्यानं सुजला?"

"यंत्र वाईट नाही. गुडघा थोडाच वाकवा, उजव्यानं रेटा, दहाच वेळा. दुसऱ्या दिवशी सूज नसली तरच वाढवा."

दिवाळीला मुलगा आला. जेवणं झाली. त्याच्यासमोर मी पाटावरून उठले, उजवा पाय आधी लावून. एक हात जमिनीला टेकला.

"हात टेकवलास," तो म्हणाला.

"टेकवला. उठली ना पण? आता तू ऊठ."

तो उठायला लागला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तोंडातून आवाज काढला, मधेच थांबला, आणि भिंतीला धरून उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. 

"कवापासून दुखते तुले?"

तो गुडघा चोळू लागला. मला पुण्याला नेण्याचं मात्र त्यानं पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्याला डॉक्टरणीकडं न्यायला उमरखेडच्या गाडीत बसवलं.