फाटकावरची सभा

प्रेमला खांबेटे यांच्या घरी रोज येणारं माणूस एकच, दूधवाली जानकी. नवऱ्याच्या जागी झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात लागलेली, युनियनच्या सभा गाजवलेली ही बाई निवृत्त झाली आणि घर खायला उठलं. लेक सई पुण्यात. फोन करते बिचारी, पण अर्धं बोलणं हिंदीत. मराठी ऐकणारं घरात उरलंय कोण? म्हणून बाई कुकरशी बोलत, मिक्सरवर डाफरत. जानकी चिरगाँवकडच्या खेड्यातून पहिल्या बसने यायची, पातेल्यात दूध ओतायची आणि चहा घेता घेता गावच्या चार गोष्टी सांगायची. तेवढ्यावर बाईंचा दिवस निघे.

एकदा जानकी चहा न घेताच भिंतीला टेकून बसली. गावच्या गायरानाला एका कंपनीने तारेचं कुंपण घातलं होतं. आत सौरऊर्जेच्या प्लेटा बसल्या. म्हशी चरायच्या कुठे? चारा विकत घेऊन दूध परवडत नाही, म्हशी विकाव्या लागणार. आणि म्हशी गेल्या की जानकी झाशीला येणार कशाला? हे ती बोलली नाही, पण बाईंच्या मनात आधी आलं ते हेच.

मग त्या चिडल्या. उन्हाची वीज त्यांना हवीच होती. बुंदेलखंडातला उन्हाळा दर वर्षी जास्त जीव खातोय, हे काय त्यांना दिसत नव्हतं? पण ऊन कुणाच्या बापाचं आहे? पृथ्वी वाचवायची म्हणून गरिबाची म्हैस उपाशी, आणि नफा तेवढा कुंपणाच्या आत. हा कुठला न्याय!

त्यांना हत्यार एकच ठाऊक: फाटकावरची सभा. पाळी सुटली की कामगार बाहेर येतात, तिथेच त्यांना गाठायचं. काम बंद पडलं की मालक झक मारत बोलायला येतो. माळ्यावरचा जुना भोंगा काढला, नवे सेल घातले आणि पाळी सुटायच्या वेळेला बाई कंपनीच्या फाटकावर हजर. "साथियों" म्हणून खणखणीत सुरुवात केली. आतून एक चौकीदार आला. तेवढाच. पाळी नाही, कामगार नाहीत. प्लेटा आपल्या गपचूप ऊन खात पडलेल्या. त्याने खुर्ची आणून दिली, आणि बाईंनी जन्मात पहिल्यांदा भाषण अर्ध्यावर सोडलं.

पण घेतला वसा टाकतील तर त्या प्रेमलाबाई कसल्या! चौकीदाराला खोदखोदून विचारलं तेव्हा कळलं, की धूळ बसली की वीज घटते, आणि प्लेटा धुवायला गावातल्याच बायका येतात. जानकीची सूनसुद्धा. दुसऱ्या सकाळी बाईंनी जानकीला समोर बसवून बजावलं, की धुणं बंद करा, सगळ्याजणी मिळून. त्याच मजुरीवर आता चुली पेटत होत्या. चहा तसाच ठेवून जानकी उठली.

त्यानंतर ती आलीच नाही. बाई रोज पातेलं दाराशी मांडत आणि दुपारी कोरडंच आत नेत. फोन लागेना. आपलीच जीभ हातभर लांब, असा स्वतःला बोल लावून झाला. शेवटी न राहवून त्यांनी गावची बस धरली.

फाटकासमोर बायका बसल्या होत्या. भाजी निवडत, तान्ह्यांना पाजत. घोषणा नाही की झेंडा नाही. लांब दांड्यांच्या ब्रशांचा मधोमध ढीग. आत प्लेटांवर धुळीचा जाड थर. जानकीने सरकून जागा केली.

"हमें क्यों नहीं बुलाया?" बाईंनी विचारलं.

"जिज्जी, आप आतीं तो बोलतीं," जानकी म्हणाली. "हमें तो बस बैठना था."

लागलं बाईंना. फार लागलं. पण त्या बसल्या, संध्याकाळच्या बसपर्यंत, तोंडातून चकार शब्द न काढता.

कंपनी नमली. कुंपण मागे सरकलं, अर्धं गायरान मोकळं झालं. बायकांना मग एकीची चवच लागली. सगळं दूध एकत्र करून त्या चिरगाँवच्याच डेअरीला घालू लागल्या. झाशीचा हेलपाटा एकेकटीने आता कोण करणार? जानकीने हे फोनवर हरखून सांगितलं. बाईंनी तिला शाबासकी दिली, अगदी मनापासून.

दुसऱ्या सकाळी सवयीने पातेलं दाराशी गेलं. लक्षात आल्यावर त्यांनी ते आत आणलं, पुसलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

"जिंकलो गं आपण," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि कोऱ्या चहाचं आधण ठेवलं.